तळमजल्याची लिफ्ट

मी लिफ्ट दुरुस्त करते. हे वाक्य उच्चारल्यावर मी थोडी थांबते, कारण समोरचा माणूस "म्हणजे तुमचे मिस्टर?" असं विचारतो आणि त्याला तेवढी जागा द्यावी लागते. मिस्टर नाहीत. पाना आहे.

आधी मी ज्या शहरात काम करत होते ते समुद्रापासून इतकं लांब होतं की मीठ पिशवीतच तयार होतं अशी तिथल्या लोकांची समजूत होती. समुद्र नसूनही आमची कंपनी बुडाली. दादाने लगेच माझी सोय लावली. त्याच्या मित्राचं फरशांचं दुकान होतं. तिथे दारात बसून गिऱ्हाइकांना "या, बसा" म्हणायचं.

"बसून काम आहे," दादा म्हणाला. "वर पंखा आहे. आणि फरशीचा धंदा कधी पडत नाही."

"कुठे पडणार? ती आधीच खाली आहे."

"तुला प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते."

थट्टा नव्हती. सात वर्षं मी माणसांना वर नेण्याचं काम केलं होतं आणि आता मला पायाखालचा माल विकायला बसवत होते. त्याच आठवड्यात मी एक जाहिरात पाहिली. किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावाच्या कचेरीत "लिफ्ट तंत्रज्ञ, पद एक, राहायला खोली." मी अर्ज केला. अर्ज एकच आला होता, माझा. तरी निवड यादीत माझा नंबर दुसरा लागला. पहिली जागा रिकामी ठेवली होती, कुणी चांगलं मिळालं तर असावं म्हणून.

"किनाऱ्यावर नोकऱ्यांचा काही भरवसा नसतो," दादा म्हणाला. "आज आहे, उद्या नाही. तिथली माणसंच इकडे येतात कामाला, आणि तू उलटी चाललीस."

"गर्दी नसेल मग."

तेव्हा आई बोलली. आमच्या घरात आई बोलणं ही घटना असते. तिचा आवाज मोठा आहे. मोठा म्हणजे, ती "चहा झाला" म्हणाली की समोरच्या इमारतीतले दोघंजण कप घेऊन उठायचे. त्यामुळे लग्न झाल्यापासून आधी बाबा आणि बाबा गेल्यावर दादा, तिला एकच वाक्य सांगत आले होते. "हळू बोल." बत्तीस वर्षांत तिने आवाज इतका खाली आणला होता की तिला मीठ हवं असलं तर ती बोटाने दाखवायची.

"मीही जाते हिच्याबरोबर," आई पुटपुटली.

"तू कशाला?"

"हिला स्वयंपाक येत नाही."

"तुला तिथे ओळखतं कोण?"

"म्हणून तर."

दादा हसला. "तीन महिन्यांत परत याल दोघी. तुमची खोली तशीच ठेवतो." आम्ही निघालो त्या संध्याकाळीच त्याने खोलीत व्यायामाची सायकल आणून ठेवली. वहिनीने कळवलं. सायकलीवर आता कपडे वाळतात, असंही कळवलं.

कचेरी पाहिली तेव्हा मला आधी वाटलं, पत्ता चुकला. ती इमारत तळमजल्याची होती. फक्त तळमजल्याची. आणि तिच्या एका टोकाला पाच मजले उंच सिमेंटचा चौकोनी मनोरा उभा होता. बसलेल्या माणसाने प्रश्न विचारायला हात वर करावा आणि सहा वर्षं कुणी "बोल" म्हणू नये, तशी दिसत होती ती कचेरी.

झालं असं होतं की मंजुरी पाच मजल्यांची होती. कंत्राटदाराकडे लिफ्टचं सामान सगळ्यात आधी पोचलं. सामान गंजायला नको म्हणून त्याने आधी लिफ्टचा मनोरा बांधला, लिफ्ट बसवली, मग तळमजला बांधला, आणि मग मंजूर पैसे संपले. त्यामुळे गावात एक उत्तम लिफ्ट होती. ती तळमजल्यावरून निघायची आणि चौथ्या मजल्याच्या उंचीवर थांबायची. मध्ये तीन दरवाजे होते, पण मजले नव्हते. दरवाजा उघडला की समोर हवा. पहिल्याच दिवशी मी त्या तिन्ही दारांना आडव्या लोखंडी पट्ट्या मारल्या, कारण गावात मुलं होती आणि मुलांना कुतूहल होतं.

कचेरीतल्या हेडक्लार्कला सगळे कलमबाबू म्हणायचे. त्यांना पेनाचं वेड नव्हतं, नियमाच्या कलमांचं होतं. ते "नमस्कार" सुद्धा कलम बघून करतात असं लोक म्हणायचे. मी हजर झाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे आणि मग खोलीकडे पाहिलं. खोलीत सात टेबलं होती आणि आठव्याला जागा नव्हती.

"तुमचं यंत्र कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

"मोटर वर असते. मनोऱ्याच्या टोकाला, यंत्रखोलीत."

"मग तुम्ही वर." त्यांनी लिहिलं: लिफ्ट तंत्रज्ञ, बसण्याची जागा, चौथा मजला.

"पण चौथा मजला नाहीये."

"मंजूर आहे," कलमबाबू म्हणाले. "फक्त बांधलेला नाही."

माझं टेबल आणि खुर्ची लिफ्टच्या दोन फेऱ्यांत वर गेली. यंत्रखोलीला दोन बाजूंना खिडक्या होत्या. एकीतून समुद्र दिसायचा आणि दुसरीतून कचेरीचं गळकं छप्पर. माझं काम लिफ्ट चालू ठेवणं. लिफ्टचं काम मला कामावर पोचवणं. आम्हा दोघींचं छान चाललं होतं. तिसऱ्या कुणाची त्यात गरज नव्हती, आणि पुढे नेमकी तीच अडचण झाली.

काम नव्हतं असं मात्र नाही. खारी हवा तांब्याचे कॉन्टॅक्ट असे खाते, जसे पाहुणे शेंगदाणे खातात, बोलता बोलता. प्रत्येक दाराच्या कुलपात एक कॉन्टॅक्ट असतो. तो गंजला तर दार बंद आहे हे लिफ्टला कळत नाही आणि ती हलत नाही. किंवा त्याहून वाईट, उघडं दार तिला बंद वाटतं. म्हणून मी दर बुधवारी लिफ्ट बंद ठेवायची. कॉन्टॅक्ट घासायचे, दोर तपासायचे, ब्रेक उघडून साफ करायचा. खाली पाटी लावली होती: "बुधवारी लिफ्ट बंद." इतर वारी तरी कोण येत होतं, पण पाटी म्हणजे पाटी.

गावाबद्दल दादा म्हणाला होता ते खोटं नव्हतं. कामाचा खरंच भरवसा नव्हता. इथे कुणाला "तुम्ही काय करता?" असं विचारलं की उलट प्रश्न यायचा, "कधी?" मासळी असली की दाताचे डॉक्टर सकाळी जाळी दुरुस्त करायचे. पर्यटक असले की न्हावी होडी चालवायचा, आणि वारं पडलं की होडीतच दाढी करून द्यायचा. बर्फाच्या कारखान्याचा मालक थंडीत गाणं शिकवायचा. रडत कुणी नव्हतं. एक काम गेलं की माणूस खांदे उडवायचा आणि पाटी उलटी करायचा. बऱ्याच दुकानांच्या पाट्या दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या होत्या.

आई कामात माझ्या आधी रुळली, म्हणजे आठव्या दिवशी. ती फेरीबोटीच्या धक्क्यावर गेली होती. बोट नुकतीच सुटली होती. धक्क्यावर कुणी नाही असं बघून तिने बत्तीस वर्षांनी पहिल्यांदा मोकळ्या घशाने विचारलं, "अहो, पुढची बोट कधी आहे?"

बोट खाडीच्या मध्यावर होती. ती वळून परत आली.

धक्क्याच्या व्यवस्थापकाने आईला तिथेच विचारलं, उद्यापासून येता का. त्यांचा भोंगा दुरुस्तीला गेला होता. तो येईपर्यंत बोटींच्या वेळा ओरडून सांगायला माणूस हवा होता. आई रोज चार वेळा धक्क्यावर उभी राहून सुटणाऱ्या बोटी पुकारायला लागली. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा तिचा घसा बसला होता आणि चेहरा उजळला होता.

"मला कुणी काही म्हणालं नाही गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "एक म्हातारा म्हणाला, जरा मोठ्याने. त्याला ऐकू कमी येतं."

ते वाक्य तिने आठवडाभर सगळ्यांना सांगितलं. "जरा मोठ्याने म्हणाला मला!"

पाचव्या महिन्यात मुख्य कार्यालयातून पत्र आलं. कलमबाबूंनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि चष्मा पुसला. त्यांना वाईट वाटलं की ते चष्मा पुसतात, असा माझा अंदाज होता. कलम त्यालाही असावं.

पत्राचा अर्थ सोपा होता. ज्या यंत्राची पाच वर्षांत एकाही अधिकाऱ्याने लेखी मागणी केलेली नाही ते अनावश्यक समजावं, आणि त्यावरचं पद रद्द करावं. तपासनीस येतील आणि आदेश देऊन जातील.

"मग भरलं कशाला हे पद?" मी विचारलं.

"रिकामं पद आपोआप रद्द होतं. म्हणून भरलं."

"आणि भरल्यावर?"

"भरलेल्या पदाची तपासणी होते."

"मग तुम्हीच एक मागणी लिहा ना. लिफ्ट हवी आहे म्हणून."

"मागणी अशा अधिकाऱ्याची लागते ज्याचं वरच्या मजल्यावर काम आहे," कलमबाबू म्हणाले. "माझं वर काम नाही. इथल्या कुणाचंच नाही. आणि मी खोटं लिहीत नाही." त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "तुमच्यासाठी सुद्धा."

खोली पदाची होती. पद गेलं की आठ दिवसांत खोली सोडायची. गावात दुसरी लिफ्ट नव्हती. जिनेसुद्धा जेमतेम होते. दाताचे डॉक्टर मला जाळी विणायला शिकवायला तयार होते, पण सात वर्षं मी नखांत ग्रीस मुरवलं ते कशासाठी? मला पाटी उलटी करायची नव्हती. माझ्या पाटीला मागची बाजू नव्हती.

म्हणजे परत दादाकडे. फरशा, पंखा, कपडे वाळणारी सायकल.

मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. मग ताट बाजूला ठेवून म्हणाली, "हे बघ, मी परत हळू बोलणार नाही."

"आई, मी काही ठरवलंय का तसं?"

"मला आता येतही नाही. काल प्रयत्न करून पाहिला. भाजीवाल्याला हळूच विचारलं, ताजी आहे का. पलीकडचा मासेवाला म्हणाला, आहे."

तपासनीस मंगळवारी येणार होते. मंगळवारी मी लिफ्टचा डबा आतून बाहेरून पुसला, आरसा चमकवला, बटणांवर नवे आकडे चिकटवले. दिवसभर वाट पाहिली. ते आले नाहीत. त्यांची बस चुकली होती.

ते आले बुधवारी अकराला.

मी वर होते. सकाळीच मनोऱ्याच्या आतल्या लोखंडी शिडीने चढले होते, बासष्ट पायऱ्या. डबा तळाला उभा होता. ब्रेक उघडलेला, त्याचे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले, आणि मी कॉन्टॅक्ट घासत होते. खाली काहीतरी हालचाल दिसली म्हणून खिडकीतून डोकावले. पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ मान वर करून माझ्याकडे बघत होते. त्यांचं तोंड माशासारखं उघडत होतं आणि मिटत होतं. वाऱ्यात एक अक्षर वर पोचत नव्हतं.

तेवढ्यात आई अकराची बोट सोडून, पिशवी घेऊन कचेरीवरून चालली होती. तिने थांबून त्यांचं ऐकलं आणि वर पाहिलं.

"साहेब म्हणतात खाली ये!"

धक्क्यावर दोन माणसांनी उचललेलं सामान खाली ठेवलं, असं मला नंतर कळलं.

"का?" मी ओरडले.

तपासनीस बराच वेळ बोलले. आईने मान डोलावत ऐकून घेतलं.

"नोकरी काढून घ्यायचीय म्हणतात! त्यांच्या शब्दांत लांब आहे, मी थोडक्यात सांगितलं!"

"कशाबद्दल?"

"अनावश्यक म्हणतात! लिफ्ट!" तिने पुन्हा कान लावला. "तूसुद्धा!"

एव्हाना लोक जमले होते. न्हावी वस्तरा हातात घेऊन आला होता आणि त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईक, अर्धी दाढी झालेलं. दाताचे डॉक्टर जाळ्यासकट आले. तपासनीसांनी बॅगेतून लिफाफा काढला आणि आईच्या हातात द्यायला लागले. आईने दोन्ही हात मागे घेतले.

"मला काय देता? मी बोटींची आहे."

तेव्हा कलमबाबू बाहेर आले. त्यांच्या हातात जाडजूड नियमपुस्तक होतं आणि त्यात बोट घातलेलं होतं.

पुढचं बोलणं मी आईच्या तोंडून ऐकलं. कलमबाबू म्हणाले की पद रद्दचा आदेश कर्मचाऱ्याला समक्ष, त्याच्या बसण्याच्या जागेवर द्यावा लागतो. रस्त्यात नाही, घरी नाही, नातेवाइकाकडे नाही. एकदा एका साहेबांनी असा आदेश न्हाव्याच्या खुर्चीतल्या माणसाला दिला होता. तोंडाला फेस होता, ओळख पटली नाही. भलताच माणूस अकरा वर्षं बडतर्फ होता. तो खात्यात नोकरीलाही नव्हता.

"माझ्याच दुकानात झालं ते!" न्हावी अभिमानाने म्हणाला.

"मग हिची बसण्याची जागा कुठे आहे?" तपासनीसांनी विचारलं, असं आईने सांगितलं. सांगायची गरज नव्हती. खालच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या होत्या.

"साहेब म्हणतात लिफ्ट चालू कर!"

"बुधवार आहे! पाटी वाचायला सांग!"

"बुधवार आहे म्हणते, पाटी वाचा!" आईने दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला धक्क्यावरच्या आवाजात कळवलं. त्यांची टोपी उडाली. वाऱ्याने उडाली असावी. "लहानपणापासून अशीच आहे! एकदा ठरलं की ठरलं!"

"शिडी आहे!" मी वरून सुचवलं. "बासष्ट पायऱ्या! सोळावी जरा हलते!"

तपासनीस मनोऱ्याच्या दारात गेले, अंधारात वर पाहिलं, मग आपल्या बुटांकडे पाहिलं, आणि बाहेर आले.

त्यांना थांबणं शक्य नव्हतं. आदेशावर त्यांनी सकाळीच त्या दिवसाची तारीख टाकली होती आणि चारला परतीची शेवटची बस. मला ते दिसत होतं आणि मला, खरं सांगायचं तर, मजा येत होती. माझी नोकरी चालली होती आणि मी खिडकीत कोपर टेकून उभी होते. पाच महिने मी त्या मनोऱ्यात एकटी चढत उतरत होते आणि आज पहिल्यांदा कुणालातरी वर यायचं होतं. तेही इतकं मनापासून.

खाली कलमबाबू पुस्तकाची पानं उलटत होते. मग त्यांचं बोट थांबलं.

"तातडीचं काम असेल तर दुरुस्ती थांबवून लिफ्ट सुरू करून घेता येते म्हणतात!" आई ओरडली. "पण लेखी! नमुना सात!"

नमुना सातचा गठ्ठा कलमबाबूंनी कपाटातून आणला. सहा वर्षं त्यावरचा वेष्टनाचा कागद फाडलेला नव्हता. तपासनीसांनी तो फाडला. लिहायला आधार हवा होता म्हणून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक वाकून उभं राहिलं. त्याच्या पाठीवर तपासनीसांनी अर्ज लिहिला, घाईत, दात ओठ खात, तीन प्रतींत. कलमबाबूंनी शिक्का मारला. मी हत्यारांची पिशवी दोरीने खाली सोडली आणि अर्ज तीत बसून वर आला.

मी वाचला.

"मला चौथ्या मजल्यावर अत्यंत तातडीचे कार्यालयीन काम आहे. लिफ्टशिवाय वर जाणे अशक्य आहे. लिफ्ट बंद असल्याने कामाचा गंभीर खोळंबा होत आहे. सदर लिफ्ट ताबडतोब सुरू करावी व ती यापुढे नेहमी सुरू राहील अशी व्यवस्था ठेवावी." खाली सही, हुद्दा, तारीख. त्याखाली शिक्का: आवक क्रमांक एक.

मी पुन्हा वाचला. मग खाली बसले, वर्तमानपत्रावर, ब्रेकच्या शेजारी. पुढे मी सगळ्यांना सांगितलं की हे मला आधीच सुचलं होतं. सुचलं वगैरे काही नव्हतं. मी फक्त बुधवारचं काम बुधवारी करत होते.

"आई!" मी ओरडले. "साहेबांना सांग, अर्धा तास!"

"इतका कशाला?"

"ब्रेक आहे, आई! घाईने बसवायची वस्तू नाही!"

तो मी जसा बसवायचा तसा बसवला. प्रत्येक भाग पुसून. राग असो की आनंद, ब्रेकला त्याच्याशी देणंघेणं नसतं. मग शिडीने खाली उतरले, दार उघडलं आणि म्हणाले, "या साहेब. चौथा मजला."

वर जाताना ते भिंतीला चिकटून उभे होते. मधल्या दारांच्या फटींतून उजेड येत जात राहिला. वर पोचल्यावर त्यांनी यंत्रखोली पाहिली, माझं टेबल पाहिलं, खुर्ची पाहिली. मी खुर्चीत जाऊन बसले, कारण नियमाप्रमाणे मी बसलेली असायला हवी होते. त्यांनी लिफाफा दिला. मी उघडला, वाचला, "मिळाला" अशी सही केली. मग त्यांचा अर्ज त्या आदेशाशेजारी ठेवला.

आदेशात लिहिलं होतं की या लिफ्टची एकाही अधिकाऱ्याने कधीही मागणी केलेली नाही.

तपासनीस दोन्ही कागदांकडे बराच वेळ बघत राहिले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग त्यांचा हात हळूच अर्जाकडे सरकला.

"कलमबाबू म्हणतात फाडू नका!" खालून आईचा आवाज आला. "त्यांच्याकडे दोन प्रती आहेत!"

हात परत गेला.

"हे तू मुद्दाम केलंस," ते म्हणाले. इथे वर त्यांचा आवाज ऐकू येत होता. बराच साधा होता.

"मी काय केलं साहेब? वर यायचं तुम्हाला होतं."

ते खिडकीपाशी गेले. दुपारची बोट धक्क्याला लागत होती. खाली माणसं अजून वर बघत होती. गिऱ्हाइकाचा उरलेला गाल एव्हाना वाळला असणार.

"ऐक," ते म्हणाले. "तुझ्या कामात खोट नाही, मला दिसतंय. मुख्य कार्यालयात अठ्ठावीस लिफ्ट आहेत. निम्म्या खडखडतात. मी शब्द टाकतो. कायमचं पद. इथे काय आहे? आज मी आदेश मागे घेतला तरी पुढच्या वर्षी दुसरा कुणी येईल. या किनाऱ्यावर कुणाच्याच नोकरीला तळ नसतो."

ते खरं बोलत होते आणि चांगल्या मनाने बोलत होते. म्हणूनच मला जास्त राग आला. दादाही चांगल्या मनानेच बोलायचा. माझ्या भल्याचा विचार करणारी सगळी माणसं मला उचलून समुद्रापासून लांब कुठेतरी ठेवायला निघाली होती.

"मुख्य कार्यालयात माझी आई काय करणार?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तिथे बोटी आहेत का?"

"नाहीत."

"मग कशाला ओरडायचं तिने?"

ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात खालून दुपारच्या बोटीची वेळ पुकारली गेली. आईने धक्क्यापर्यंत जायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते, कचेरीसमोरूनच पुकारलं. खिडकीची काच थरथरली. धक्क्यावरची माणसं सामान उचलून रांगेत उभी राहिली.

"मला अठ्ठावीस नकोत साहेब," मी म्हणाले. "मला ही एकच चालू ठेवायची आहे. तुम्ही दर वर्षी या. दर वर्षी आदेश आणा. मी दर वर्षी वर बसलेली असेन. ज्याला मला काढायचंय त्याला आधी माझ्या लिफ्टमध्ये पाय ठेवावा लागेल, आणि ती मी इतकी चांगली चालवीन की उतरताना त्याला आपण वर कशाला आलो ते आठवणार नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं. आदेशावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं: "मागणी आढळली. एक वर्ष स्थगित." मग पेन खिशात ठेवलं.

"खाली जायला काय भरावं लागेल?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाच्या कडा जरा हलल्या.

"उतरायला फॉर्म नाही."

रविवारी दादाचा फोन आला. आईने घेतला.

"एक वर्ष मिळालं म्हणून नाचू नका," दादा म्हणाला. मला पलीकडच्या खाटेवर ऐकू येत होतं, कारण आई फोन हातभर लांब धरून बोलते. तिला जवळ धरायची गरज पडत नाही. "वर्षाने काय करणार?"

"वर्षाने बघू!"

"आई, हळू."

"काय?"

"हळू बोल म्हटलं."

"ऐकू येत नाही रे!" आई म्हणाली. "जरा मोठ्याने बोल!"

दादा बोलला. मोठ्याने. फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "त्याचाही आवाज तसा वाईट नाही. वापरत नाही, एवढंच."

सोमवारी सकाळी मी कामावर गेले ती वर गेलेच नाही. आधी कलमबाबूंच्या टेबलापुढे उभी राहिले आणि लिहून आणलेला अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. मागणी: कचेरीला मजले बांधून मिळावेत.

कलमबाबूंनी अर्ज पूर्ण वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मजले कशाला?"

"लिफ्ट आहे ना."

त्यांनी पुस्तक उघडलं, बरीच पानं उलटली, एका पानावर थांबले, ओठ हलवत वाचलं. "उपलब्ध यंत्रणेचा पूर्ण वापर," ते पुटपुटले. "बसतं." मग पेन उचललं. "किती लिहू? सुरुवातीला एक मागा. एक मिळणं अवघड नाही."

"चार."

"चार देणार नाहीत."

"नकोत देऊ. आपण मागायचे चारच."

कलमबाबूंनी आकडा टाकला, अर्ज फिरवून माझ्याकडे सहीला सरकवला, आणि शिक्का शाईत दाबला.